आमच्या घरात नसलेलं एन्झाइम

अमरावतीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी गेली सोळा वर्षं जीवशास्त्र शिकवते. बारावीला डीएनएची नक्कल कशी होते यावर एक धडा आहे आणि त्यात एक आकृती आहे: जॅकेटची चेन अर्धी उघडावी तशी उघडलेली दुहेरी साखळी, आणि तिच्या दोन्ही बाजूंवर बसलेला एकेक फुगीर गोळा. गोळ्याचं नाव डीएनए पॉलिमरेझ. हे एन्झाइम जुनी साखळी वाचत जातं आणि तिच्यासमोर जोडीची नवी साखळी बांधत जातं. परीक्षेत त्याला एक गुण असतो, पेपर काढणारा उदार असला तर दोन. मी पोरांना सांगायचे, "स्पेलिंग पाठ करा, बाकी ते आपलं काम आपोआप करतं." माझ्या बाबतीत हे खोटं होतं, पण अभ्यासक्रमात माझी बाब नव्हती.

माणसाच्या शरीरात अशी पॉलिमरेझं डझनाहून जास्त आहेत. त्यातलं एक माझ्यात नाही, हे मला वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी कळलं. जीवशास्त्राच्या शिक्षिकेला इतका उशीर का झाला, ते सांगते. त्यात माझ्या हुशारीचा भाग फारच थोडा आहे.

मी तेल्हाऱ्याची. बाबा प्राथमिक शाळेत मास्तर होते, विहारामागच्या गल्लीत आमचं घर, आणि गावाबाहेर थोडंसं कोरडवाहू वावर. आई म्हणजे बाबांच्या सख्ख्या मामाची मुलगी. आमच्याकडे यात कोणाला काही वावगं वाटत नसे. उलट ओळखीच्या घरात पोरगी दिली म्हणून दोन्हीकडची मंडळी अजूनही खूश आहेत. दोन मुलं झाली. आधी मी, मग चार वर्षांनी भाऊ.

मी चार-पाच वर्षांची असताना माझ्या तोंडावर बारीक तपकिरी डाग यायला लागले. आधी नाकावर, मग गालांवर, मग हातांवर. दिवाळीनंतर आम्ही सगळे कापूस वेचायला जायचो, तेव्हा ते वाढायचे. गावाने माझ्या चेहऱ्याची जबाबदारी घेतली. कोणी मसुराची डाळ वाटून लावायला सांगितली, कोणी कच्चं दूध, कोणी मुलतानी माती. बाबांच्या शाळेतल्या एका बाईंनी बटाटा किसून लावायला सांगितला आणि दर आठवड्याला माझी हनुवटी धरून निकाल पाहिला. आईचा भरवसा लिंबावर होता. लिंबाचा रस तोंडाला चोळायचा आणि तो वाळेपर्यंत अंगणात उन्हात बसायचं. शाळेला सुट्टी असली की मी बाजेवर तोंड वर करून बसलेली असायचे, आणि येणारी-जाणारी बाई फाटकातून विचारायची, "गेले काय वं डाग?"

भावाच्या तोंडावरही तसेच डाग होते. हे मी आज सांगू शकते. तेव्हा ते कोणाला दिसत नव्हते, मलाही नाही. तो मुलगा होता. मुलाच्या तोंडाकडे माणसं दोनदाच पाहतात, बारशाला आणि लग्नात बाशिंग बांधताना, आणि बाशिंगाखाली तसंही काही दिसत नाही.

माझ्या लग्नाच्या वेळी मात्र बारकाईने पाहणी झाली. एका मुलाच्या मावशीने माझ्यासमोरच सांगितलं, "पोरगी शिकलेली हाय, पन तोंडावर कायतरी सांडल्यावानी दिसते." दुसऱ्या एकांनी फोटो परत पाठवला आणि निरोप दिला की फोटोच खराब आला असेल तर दुसरा पाठवा. तिसरा मुलगा वीज खात्यात होता, अमरावतीला. तो म्हणाला, "मले नोकरीवाली बायको पायजे. मी दिवसभर डीपीच्या खांबावर असतो, संध्याकाळी तोंडाकडे पाह्याले ताकद कोनात असते." लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याच्या तोंडून याहून रोमँटिक वाक्य मी अजून ऐकलेलं नाही. मी हो म्हटलं.

एक गोष्ट मान्य करायला हवी. उन्हापासून तोंड लपवायचं असेल तर अमरावती-अकोल्यासारखी जागा नाही. इथं गाडीवर बसलेली कुठलीही बाई डोक्यापासून मनगटापर्यंत गुंडाळलेली असते: स्कार्फ, गॉगल, पांढरा सनकोट, हातमोजे. सख्खी बहीण सिग्नलला शेजारी उभी राहिली तरी चपलेवरून ओळखावी लागते. मीही तशीच हिंडायचे. पण मला त्यामागचं कारण माहीत नव्हतं. मी रंग सांभाळत होते. कॉलेजात पोचलं की स्कार्फ काढायचा, मग क्रीडादिनाला तीन तास मैदानावर, झेंडावंदनाला मैदानावर, आणि परिपाठाला रोजच. प्राचार्यांच्या मते शिस्त उन्हातच लागते.

छत्तिसाव्या वर्षी नाकाच्या उजव्या बाजूला एक काळपट, चकाकणारी पुळी आली. ती दुखत नव्हती. तोंड पुसताना कधी रक्त यायचं, मग खपली, मग पुन्हा रक्त. मी एका डॉक्टरकडे गेले. त्यांनी ट्यूब दिली. चार महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी पहिली ट्यूब चुकीची असल्याचं सांगून दुसरी दिली. दोघांनीही विचारलं की मी टेन्शन घेते का. मी दोघांनाही हो म्हटलं, कारण बारावीचे पेपर तपासणारी बाई आणखी काय घेणार.

त्याच सुमारास शेजारच्या काकूंनी ड जीवनसत्त्वाचा शोध लावला. त्यांची कंबर त्यानेच बरी झाली होती. "मॅडम, तुमी तर सायन्सवाल्या, तुम्हाला मी काय सांगावं," असं म्हणून त्यांनी सगळं सांगितलं. मग मी रोज सकाळी अर्धा तास गच्चीवर बसायला लागले, तोंडाचा स्कार्फ काढून, पुळीलाही जीवनसत्त्व मिळावं म्हणून. सव्वा वर्ष मी हे नेमाने केलं. माझ्या आयुष्यात मी इतक्या नेमाने दुसरं काहीही केलेलं नाही.

मला वाचवलं ते आमच्या पार्लरवालीने. घराजवळच्या मोहल्ल्यात तिने समोरच्या खोलीत पार्लर थाटलेलं आहे, एक खुर्ची आणि एक मोठा गोल दिवा. नणंदेच्या मुलीच्या लग्नाआधी मी फेशियलला गेले. तिने दिवा लावला, माझं तोंड उजेडात इकडून तिकडे फिरवलं आणि हात पुसून टाकले.

"मॅडम, मी नाही करत फेशियल."

"काहून?"

"ये फुंसी नहीं है. किती दिवस झाले याले?"

"दीड वर्ष असेल. ट्यूब लावून राहिले ना."

"ट्यूब बंद करा. माझ्या खालाच्या गालावर असंच होतं, सगळे म्हणत होते फोडा है, बैठ जाएगा. तुम्ही चमडीच्या मोठ्या डॉक्टरकडे जा अन् म्हणा, तुकडा काढून तपासा. मलम दिला तर उठून या."

मी तिला जरा शिक्षिकेच्या आवाजात म्हटलं की इतकं काही नसेल. ती म्हणाली, "नसलं तर या, फुकट फेशियल करते." मला फार राग आला. पण गेले. दोन डॉक्टर आणि माझी पदव्युत्तर पदवी अशा तिघांना मिळून जे दिसलं नव्हतं, ते तिला गोल दिव्याखाली दोन मिनिटांत दिसलं होतं.

नवीनच दवाखाना टाकलेली एक तरुण डॉक्टरीण होती. तिने ट्यूब न देता तुकडा काढला. आठ दिवसांनी तिने मला आणि नवऱ्याला समोर बसवून सांगितलं की हा त्वचेचा कॅन्सर आहे, सावकाश वाढणारा आहे, पूर्ण काढला तर बहुधा संपतो. नवऱ्याने विचारलं, "बहुधा म्हंजे किती?" ती म्हणाली, "काढल्यावर सांगते." नाकाची ती बाजू कापून शिवली. बाहेर आल्यावर नवरा पार्किंगमध्ये गाडीला लावलेली किल्ली परत काढून म्हणाला, "पोहे खातं का?" आम्ही पोहे खाल्ले. मला नाकाच्या टाक्यांमुळे तोंड नीट उघडता येत नव्हतं, त्याने माझ्या प्लेटमधलेही संपवले. त्याला घाबरलं की भूक लागते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

दुसरी पुळी वर्षाच्या आत आली, गालावर. यावेळी डॉक्टरीण भिंग घेऊन बसली. कपाळ, कान, मान, हाताची पालथी बाजू. मग तिने माझी बाही वर सरकवली. दंडावरची कातडी स्वच्छ होती, शाळकरी पोरीसारखी. कोपराखाली डागच डाग. बाही संपते त्या रेघेवर तिने बोट ठेवलं.

"आईवडील नात्यातले आहेत का?"

"हो. बाबांच्या मामाची मुलगी."

"भावंडं?"

"एक भाऊ, धाकटा."

"त्याच्या चेहऱ्यावर असे डाग आहेत?"

मी सगळ्या दिवाळ्या, सगळे राखीपौर्णिमेचे फोटो मनात उलटे-पालटे केले. भावाचे कान आठवले, त्याचा पुढचा तुटका दात आठवला. डाग आठवेनात. मी म्हटलं, "लक्ष नाही दिलं कधी." तिने ते कागदावर लिहून घेतलं. तेवढं लिहायला नको होतं.

रक्त दूरच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत गेलं आणि काही आठवड्यांनी रिपोर्ट आला. तो वाचताना मी हसले. डॉक्टरणीला वाटलं मला धक्का बसला, तिने पाण्याचा ग्लास पुढे केला. पण तिथं लिहिलं होतं: डीएनए पॉलिमरेझ, ईटा. जो गोळा मी इतकी वर्षं फळ्यावर काढत होते, त्याचा एक भाऊबंद माझ्या पेशींमध्ये तयारच होत नव्हता. त्याचा जीन आईकडूनही बिघडलेला आला होता आणि बाबांकडूनही. एकच बिघाड, बहुतेक एकाच पूर्वजाचा, दोन वाटांनी फिरून माझ्यात परत भेटला होता.

डॉक्टरणीने समजावून सांगितलं ते असं. उन्हातले अतिनील किरण कातडीच्या पेशीत शिरले की डीएनएच्या ओळीतली शेजारशेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटवून टाकतात. हे सगळ्यांचंच होतं, तेल्हाऱ्यात जरा जास्तच. शरीर असे बहुतेक जोड कापून दुरुस्त करतं. पण एखादा राहून गेला आणि तेवढ्यात नक्कल करायची वेळ आली, तर पुस्तकातलं नेहमीचं पॉलिमरेझ त्या जोडापाशी येऊन अडतं. मग ईटा येतं. चिकटलेल्या जोडीसमोर ते बरोबर तीच दोन अक्षरं ठेवतं जी ठेवायला हवीत, आणि बाजूला होतं. साध्या, धडधाकट डीएनएवर हेच ईटा खूप चुका करतं, म्हणून एरवी त्याला कोणी कामाला लावत नाही. ते फक्त उन्हाच्या कामाला आहे. माझ्याकडे ते नसल्यामुळे त्या जागी दुसरं कुठलं तरी पॉलिमरेझ येतं आणि अंदाजाने अक्षरं भरतं. वर्षानुवर्षं अंदाज चुकत गेले की पुळी येते.

घरी नवऱ्याने रिपोर्ट दोनदा वाचला. "म्हंजे फॉल्ट नाही," तो म्हणाला. "पोस्ट व्हेकंट हाय. अन् अॅडिशनल चार्ज ज्याच्याकडे हाय, त्याले काम येत नाही." वीज खात्यात पंधरा वर्षं काढलेल्या माणसाला हे समजायला जीवशास्त्र लागलं नाही. उपाय काहीच नव्हता. ऊन टाळायचं, सनस्क्रीन लावायचं, दर तीन महिन्यांनी तपासणी, दिसेल ते काढून टाकायचं. ड जीवनसत्त्व गोळीतून.

त्या वर्षी वर्गात हा धडा आला तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "मॅडम, असं एखादं पॉलिमरेझ नसलंच तर काय होते?" मी म्हटलं, "सनकोट घालावा लागतो." वर्ग हसला. मी वर्गाच्या आतही पूर्ण बाह्यांत होते, खिडकीपासून दूर, आणि नाकावर टाक्यांची खूण होती. पहिल्या बाकावरची एक मुलगी हसली नाही. तिने वहीत काहीतरी लिहिलं. मला आशा आहे की ते स्पेलिंग नव्हतं.

रिपोर्टनंतरच्या पहिल्या रविवारी मी तेल्हाऱ्याला गेले होते. आई ओसरीत भुईमुगाच्या शेंगा सोलत होती, बाबा पेपर वाचत होते. मी सगळं सांगितलं, जमेल तितकं सोपं करून. बाबा म्हणाले, "आपल्या खानदानात कोनाले कॅन्सर नव्हता." मी म्हटलं, "खानदानात होतं ते दोघांकडूनही अर्धं अर्धं होतं. अर्ध्याने काही होत नाही." हे वाक्य मी बसमध्ये चार वेळा घोकलं होतं. तरी ते फार वाईट ऐकू आलं.

आई शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे उनानं होते हे."

"हो."

"मी तं तुले लिंबू लावून उनात बसवत होती."

मी म्हटलं, तुला काय माहीत होतं. बाबा म्हणाले, कोणालेच नव्हतं माहीत. आई उठून ओसरीचा पडदा ओढून आली, मी बसले होते तिथपर्यंत ऊन आलेलंही नव्हतं, तरी. आणि मग दिवसभर मी जिथे बसेन तिथला पडदा ओढत राहिली.

दुपारी भाऊ आला. तो भूमी अभिलेख खात्यात मोजणीला आहे. दोन भाऊ धुऱ्यावरून भांडतात तेव्हा हा यंत्र घेऊन वावरात जातो आणि बांध कुठून कुठे ते सांगतो. मोजणी उन्हाळ्यात, पिकं निघाल्यावर. तो दारात उभा राहिला आणि मी पहिल्यांदा त्याचं तोंड पाहिलं. त्याचे डाग माझ्याहून दाट होते. खालच्या ओठावर डाव्या बाजूला एक जाड, पिवळट खपली होती.

"हे कधीचं?"

"असंन दोन-तीन महिन्याचं. उनानं फुटला ओठ."

बाबा पेपरमागून म्हणाले, "खर्रा कमी कर म्हनलं तं आयकत नाही."

"मी खातच नाही खर्रा."

"सगळे खातेत तुया हापिसात."

"सगळे खातेत, मी नाही खात."

सुपारी-तंबाखूचा तो घोटलेला खर्रा आमच्याकडे इतका चालतो की ओठाला काही झालं तर दुसरं कारण कोणी ऐकूनच घेत नाही. खरं सांगते, मलाही क्षणभर वाटलं, खात असेल. मग मी त्याला रिपोर्ट दाखवला. तो म्हणाला, "तुले झालं म्हनून मलेही पायजे काय? लहानपनी तुले नवी सायकल अन् मले तुयी जुनी. आता हेही जुनंच देतं का?" आणि जेवायला बसला.

दोन आठवडे मी फोन करत राहिले. त्याच्याकडे कधी मोजणी होती, कधी साहेबांचा दौरा, कधी लग्न. शेवटी मी रजा टाकली, सकाळच्या बसने तेल्हाऱ्याला गेले आणि ऑफिसात विचारून थेट वावरात पोचले. एप्रिल होता, साडेअकरा वाजले होते. कापणी झालेल्या वावरात भाऊ तिपाईवरच्या यंत्राला डोळा लावून उभा, डोक्याला रुमाल, आणि धुऱ्याच्या दोन बाजूंना दोन चुलतभाऊ एकमेकांकडे न पाहता भांडत होते. मी स्कार्फ, काळा गॉगल, सनकोट, हातमोजे आणि छत्री अशी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"तू काहून आली इथं?" त्याने दबक्या आवाजात विचारलं.

"तू डॉक्टरकडे चाल. मग जाते."

"काम चालू हाय ताई."

"चालू दे. मी हाय उभी." आणि मी छत्री मिटली.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं. रिपोर्ट त्याने जेवताना का होईना वाचला होता. "छत्री उघड," तो म्हणाला. मी उघडली नाही. "ताई, छत्री उघड ना." आवाज आता दबका नव्हता. चुलतभाऊ भांडायचे थांबले होते. त्यातल्या एकाने भावाला हळूच विचारलं, "साहेब, ह्या मॅडम कोन? जिल्ह्यातून आल्या काय?" भावाने हो की नाही काहीच सांगितलं नाही. दुसरा लगेच म्हणाला की मोजणी जशी निघाली तशी त्याला मंजूर आहे, वरपर्यंत न्यायची गरज नव्हती. तीन वर्षं चाललेला तो वाद माझ्या सनकोटामुळे मिटला. मी छत्री उघडली. भाऊ म्हणाला, "उद्या येतो." मी म्हटलं, "आज." तो यंत्र खोक्यात ठेवायला लागला. खोक्याचं झाकण त्याने तीनदा लावलं आणि तीनदा उघडून आत पाहिलं. तेव्हा मला समजलं की त्याला पहिल्या दिवसापासून भीती वाटत होती आणि सायकलची गोष्ट त्याने त्यासाठीच काढली होती.

अकोल्याच्या दवाखान्यात पहिला प्रश्न आला, "किती वर्षांपासून खर्रा?"

"खात नाही."

"गुटखा? तंबाखू?"

"कायीच नाही."

डॉक्टर थकल्यासारखे हसले आणि त्यांनी कागदावर लिहिलं की रुग्ण व्यसन नाकारतो. भाऊ माझ्याकडे वळून म्हणाला, "आता मी खाऊनच येतो. निदान खरं तरी होईन." मग मी माझा रिपोर्ट टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी तो वाचला, खुर्ची पुढे ओढली, भावाची बाही वर सरकवून दंड पाहिला. त्यानंतर ते फार नीट बोलले. आधीची ओळ त्यांनी स्वतः खोडली.

ओठाचा कॅन्सरच निघाला, माझ्यापेक्षा चपळ जातीचा. खालच्या ओठाचा एक पाचरीसारखा तुकडा काढून दोन्ही कडा जोडल्या. मानेतल्या गाठींत तो पोचलेला नव्हता. हे सांगायला डॉक्टर बाहेर आले तेव्हा बाबा बाकावरून उठले आणि त्यांनी भावाच्या बायकोला विचारलं, "खरंच नव्हता खात?" ती म्हणाली, "नाही ना बाबा. कितीदा सांगतलं." बाबा परत बसले. त्यांनी चष्मा काढून खूप वेळ पुसला. भावाच्या रक्ताचा रिपोर्ट नंतर आला, माझ्या रिपोर्टची नक्कल, एकही अक्षर न चुकता.

कित्येक महिने त्याला प, ब, म नीट म्हणता येत नव्हतं. बाबांना हाक मारताना तो अडायचा, म्हणून बाबाच आधी बोलायला लागले, जे त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं. ऑफिसात त्याने टेबलावरचं काम मागितलं. साहेब म्हणाले की ऊन तर सगळ्यांनाच लागतं. मग प्रमाणपत्र मागितलं, मग त्या प्रमाणपत्रावर दुसरं प्रमाणपत्र, मग हा आजार यादीत नाही म्हणून यादी मागवली. यादी आली, तिच्यातही नव्हता. शेवटी नवीन साहेब आले, ज्यांच्या सासऱ्यांना त्वचेचा त्रास होता, आणि एका दिवसात काम झालं. भाऊ आता अभिलेख खोलीत जुने नकाशे सांभाळतो. खोलीला खिडकी नाही. लोक म्हणतात, सोपं काम मिळालं. त्याला वावर आवडायचं. मोजणीच्या दिवशी त्याला कोणी साहेब म्हणायचं, चहा आणायचं. आता तो दिवसभर कागदावरचे धुरे पाहतो.

माझ्या आणि भावाच्या मुलांना त्रास नाही. त्यांच्याकडे माझ्या नवऱ्याकडून, भावजयीकडून आलेली एकेक चांगली प्रत आहे. दर तीन महिन्यांनी आम्ही दोघं अमरावतीच्या डॉक्टरणीकडे एकाच दिवशी जातो. आधी मी आत, मग तो. आजवर माझ्या चार पुळ्या निघाल्या, त्याच्या तीन. पार्लरवालीकडे मी अजून जाते, फक्त दिव्याखाली बसायला. ती मान फिरवून पाहते आणि म्हणते, "ठीक है मॅडम," आणि काही घेत नाही.

गेल्या एप्रिलात तेल्हाऱ्याला जयंतीची मिरवणूक होती. पूर्वी भाऊ पुढे निळा झेंडा घेऊन दुपारी तीनपासून चालायचा. मिरवणूक वेळेवर निघावी म्हणून मंडळाने चार वाजता सगळ्यांना बोलावलं, आणि डीजेच्या गाडीचा जनरेटर बिघडला. आम्ही दोघं विहारात पंख्याखाली बसलो होतो. बाहेर पोरं जनरेटरवाल्याला शिव्या घालत होती, आई शेजारच्या बायकांत पांढऱ्या साडीत बसली होती आणि मधूनमधून दाराकडे पाहत होती, ऊन कुठवर आलं ते बघायला. साडेसात वाजता, चांगला अंधार पडल्यावर, जनरेटर सुरू झाला. भावाने झेंडा मागून घेतला. बाबा म्हणाले, "चाल, मीही येतो तुयासंगं," आणि आम्ही सगळे निघालो.